मुका मार कुणाला जास्त लागतो?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गावोगावच्या कबड्डीच्या सामन्यांत एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. प्रजासत्ताक दिन असो, गणेशोत्सव असो की शाळेचं स्नेहसंमेलन, मुख्य सामन्यांच्या आधी हौशी मंडळींचा एक सामना होतो. शिक्षक विरुद्ध माजी विद्यार्थी, नाहीतर विवाहित विरुद्ध अविवाहित. जेमतेम पंधरा मिनिटांचा खेळ. हसणं-खिदळणं होतं, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र या मंडळींना खाटेवरून उठवत नाही. कोपर काळंनिळं, मांडीवर पंजाएवढा डाग, नडगीला हात लावू देत नाहीत. त्याच मैदानावर, त्याच दिवशी, रोज सराव करणारी पोरं तीन-तीन सामने खेळलेली असतात. त्यांच्या पकडी कितीतरी जास्त जोरकस, त्यांचं पडणंही जास्त. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा मैदानावर हजर!

असं का होतं, याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. ‘त्यांचं अंग मुरलेलं आहे,’ असं आपण म्हणतो. मार खाऊन खाऊन कातडी निबर होते, हाडं कसतात, मग मार लागत नाही, अशी आपली समजूत. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे अशा वस्त्यांत विचारा, नाहीतर थेट कोल्हापूरच्या तालमीत विचारा, उत्तर हेच मिळेल.

ही समजूत नुसती गप्पांपुरती असती तर तिच्यावर एवढं बोलायचं कारण नव्हतं. पण तिच्यातून दोन नुकसान होतात. एक म्हणजे, मुलाच्या, आणि त्याहूनही अधिक मुलीच्या, अंगावर डाग दिसले की घरचे घाबरतात आणि खेळ बंद करतात. दुसरं म्हणजे, काही ठिकाणी नवख्या पोराला मुद्दाम मार खायला लावतात. ‘खा दोन-चार महिने मार, अंग तयार होईल,’ असं त्याला सांगतात. म्हणून आधी हे तपासून पाहायला हवं की अंग खरोखर मुरतं का, आणि मुरत नसेल तर सरावलेल्या खेळाडूला डाग कमी का पडतात.

डाग म्हणजे नेमकं काय?

‘मुका मार’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, वरून काही कळत नाही. पण आत इजा झालेली असते. आपल्या त्वचेखाली आणि स्नायूंमध्ये केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं आहे. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्या इतक्या अरुंद असतात की रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक, रांगेनं जावं लागतं. बाहेरून जोराचा आघात झाला की या वाहिन्या चिरडतात किंवा ताणून तुटतात आणि रक्त आजूबाजूच्या भागात झिरपतं. हे झिरपलेलं रक्त म्हणजेच आपल्याला वरून दिसणारा डाग.

पुढे या डागाचे रंग बदलत जातात. सुरुवातीला लालसर, मग एक-दोन दिवसांत निळा-जांभळा, त्यानंतर हिरवट, मग पिवळसर आणि साधारण दोन आठवड्यांत नाहीसा. हा रंगांचा खेळ म्हणजे शरीराची साफसफाई आहे. सांडलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं शरीर विघटन करतं. त्यातून आधी बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं, मग बिलिरुबिन नावाचं पिवळं. काविळीत डोळे पिवळे करतं तेच हे बिलिरुबिन. काही वेळा लोहाचा अंश मागे राहतो आणि तपकिरी छटा बराच काळ दिसत राहते. आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर हे रंग तितके स्पष्ट दिसत नाहीत. डाग नुसताच काळसर वाटतो, आणि म्हणून ‘काळंनिळं पडणं’ हा आपला शब्दप्रयोग.

आणखी एक लक्षात ठेवायची गोष्ट. डाग दिसतो तिथेच मार लागलेला असतो असं नाही. झिरपलेलं रक्त खाली उतरतं. मांडीला लागलेल्या माराचा डाग तिसऱ्या दिवशी गुडघ्यापाशी दिसू शकतो. मार खोल असेल तर तो वर यायलाही दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे डाग लहान म्हणजे इजा लहान, हा हिशेब नेहमी जुळत नाही.

अंग मुरतं का?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शेतात कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. अनवाणी चालणाऱ्याचे तळवे जाड होतात. म्हणजे त्वचा निबर होते हे खरंच आहे. पण ती कशानं होते? घासण्यानं. आणि जाड काय होतं? सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. त्या थरात रक्तवाहिन्या नसतातच. डाग पडतो तो त्याच्या खाली, जिथे केशवाहिन्या आहेत तिथे. आणि वारंवार फुटल्यामुळे केशवाहिनी मजबूत होते असं काही घडत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा पैलवानाच्या कानांवर असतो. जुन्या पैलवानाचे कान वळकटलेले, गाठाळ दिसतात. कुस्तीत कान वारंवार रगडला जातो. कानाची कूर्चा आणि तिच्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं. आवरणातून कूर्चेला होणारा पुरवठा तुटतो आणि वेळीच ते रक्त काढलं नाही, तर तिथे वेडीवाकडी नवी कूर्चा तयार होते. वीस वर्षं मार खाऊन कान जर मुरणार असता, तर पैलवानाचा कान सर्वांत धडधाकट राहिला असता. घडतं ते नेमकं उलटं. कानाला सावरायला ना स्नायू असतो, ना तो अंग चोरून आत ओढता येतो. त्यामुळे अनुभवाचा त्याला काही उपयोग होत नाही.

मग शरीर काहीच बदलत नाही का? तसंही नाही. नियमित व्यायामानं हाडं भार सोसायला अधिक बळकट होतात, स्नायू भरतात. आघाताच्या क्षणी स्नायू आवळलेला असेल, तर तो उशीसारखा मध्ये येतो आणि मार खालच्या हाडापर्यंत सहजासहजी पोचत नाही. तोच स्नायू सैल असेल, तर बाहेरचा गुडघा आणि आतलं हाड यांच्यामध्ये तो भरडला जातो. सरावाच्या पहिल्या दिवसांत अंग जे ठणकतं, तेही पुढे कमी होतं. पण ती ठणक वेगळी आणि मुका मार वेगळा. पहिली दमवलेल्या स्नायूची, दुसरी फुटलेल्या वाहिन्यांची. ‘आठवड्याभरात अंग मोकळं झालं’ हा अनुभव खरा असतो. आपण तो भलत्याच गोष्टीला लागू करतो, एवढंच.

आणि एक बदल डोक्यात होतो. वारंवार खेळणाऱ्याची वेदना सहन करण्याची ताकद वाढते. हौशी खेळाडू जो डाग चार जणांना दाखवतो, तो सरावलेल्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणजे ‘कमी लागलं’ असं तो जे म्हणतो, त्यात ‘कमी दुखलं’ याचाही वाटा असतो. पण दुखणं कमी झालं म्हणून इजा कमी झाली असं नव्हे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

पडणं ही शिकायची गोष्ट

सरावानं खरा फरक पडतो तो शरीराच्या हालचालीत. थोडा हिशेब करू. ६० किलो वजनाचा माणूस उभा असताना त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर असतो. तो आडवा पडला की सुमारे ५०० ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती कमी करता येत नाही. पण ती किती जागेवर आणि किती वेळात जिरवायची, हे आपल्या हातात असतं.

नवखा माणूस पडताना काय करतो? तो हात ताठ करतो आणि तळहात किंवा कोपर टेकतो. नाहीतर थेट माकडहाडावर बसतो. कोपराचं टोक म्हणजे चार-पाच चौरस सेंटिमीटर जागा. तीच व्यक्ती जर हात वाकवून, तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग जमिनीला देऊन, कुशीवर घरंगळली, तर तोच भार शंभर-दोनशे चौरस सेंटिमीटरवर वाटला जातो. दर चौरस सेंटिमीटरवर येणारा दाब तीस-चाळीस पटींनी उतरतो. खिळ्याच्या टोकावर बोट दाबणं आणि खिळा आडवा ठेवून दाबणं यांत जो फरक, तोच इथे.

दुसरी गोष्ट वेळेची. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो. चेंडू दोन सेंटिमीटरांत थांबवण्याऐवजी वीस सेंटिमीटरांत थांबवला, तर हातावर येणारं सरासरी बल दहा पटींनी कमी होतं. पडतानाही गुडघा, कंबर, खांदा असे सांधे क्रमानं वाकवत गेलो, तर तोच परिणाम साधतो. जपानच्या जुदोमध्ये नव्या विद्यार्थ्याला डाव शिकवण्याआधी पडायला शिकवतात. आपल्या खो-खोत खुंटाजवळ सूर मारणारा खेळाडू हेच करतो. छाती, पोट, मांड्या असा तो जमिनीवर घसरत जातो. गुडघ्यावर आदळत नाही.

विदर्भाला ही विद्या नवी नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं तिथे करून दाखवली होती. व्यायामशाळेची ही परंपरा म्हणजे नुसत्या जोर-बैठका नव्हेत. अंग कसं टाकावं, कसं सावरावं, कुठे सैल सोडावं, हे तिथे हळूहळू अंगवळणी पडतं.

कबड्डीत पाहा. चढाई करणाऱ्याचा घोटा पकडला गेला की नवखा मागे झटका देतो आणि पाठीवर किंवा कोपरावर पडतो. सरावलेला चढाईपटू मध्यरेषेच्या दिशेनं पुढे झेपावतो, अंग लांब करतो आणि हात पुढे पसरतो. त्याला रेषा गाठायची असते. पण त्याच हालचालीनं त्याचं पडणंही मोठ्या जागेवर वाटलं जातं. पकड करणाऱ्याचंही तसंच. नवखा गुडघा पुढे घालून धावतो आणि नडगीवर नडगी आपटते. सरावलेला कोपरारक्षक खाली वाकून, हनुवटी छातीशी ठेवून, दोन्ही हात आणि खांदा लावून घोटा धरतो.

इथे आणखी एक गुण कामाला येतो. समोरच्याच्या पायांवरून आणि कमरेवरून तो आता कुठे वळणार, हे सरावलेल्याला क्षणभर आधी कळतं. तेवढ्या वेळात तो अंग वळवतो, स्नायू आवळतो, आणि टाळता येत नसलेला मार मांडीच्या भरदार भागावर घेतो. नवख्याला मात्र मार लागल्यावरच कळतं की मार लागला!

रंगाची गोळी काय सांगते?

तरीही कुणी म्हणेल, कबड्डीत प्रत्येकाचं वजन वेगळं, ताकद वेगळी. त्यातून नेमका निष्कर्ष कसा काढायचा? शंका रास्त आहे. म्हणून जरा वेगळ्या खेळाकडे पाहू. पुण्या-मुंबईकडच्या सहलीच्या ठिकाणी पेंटबॉल नावाचा खेळ असतो. कंपन्यांच्या सहलींमुळे आपल्याकडची तरुण मंडळीही तो खेळून आली आहेत. हवेच्या किंवा वायूच्या दाबावर चालणारी बंदूक, तिच्यातून रंग भरलेली जिलेटिनची गोळी सुटते. ज्याच्या अंगावर ती फुटली तो बाद. हा खेळ १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात सुरू झाला. झाडांवर आणि गुरांवर दुरून खूण करण्यासाठी जी रंगाची पिस्तुलं वापरत, तीच पहिल्या खेळात वापरली होती.

आपल्या प्रश्नासाठी हा खेळ म्हणजे जणू बेतून केलेला प्रयोग आहे. कारण इथे मारणाऱ्याच्या ताकदीचा संबंधच नाही. गोळी सर्वांना सारखीच, साधारण तीन ग्रॅमची. वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा सर्वसाधारण दंडक. म्हणजे सेकंदाला सुमारे ९० मीटर. हिशेब केला तर ऊर्जा भरते जेमतेम १२ ज्यूल. माणसाच्या पडण्याच्या तुलनेत ती काहीच नाही. पण ती छोट्याशा जागेवर, निमिषात येते, म्हणून गोल वळ उठतो. आणि इथेही तेच दिसतं. पहिल्यांदा खेळणारा अंगभर वळ घेऊन घरी जातो, नेहमीचा खेळाडू एक-दोन घेऊन.

कारणं पाहा. पहिलं साधं आहे. नेहमीच्या खेळाडूला गोळ्या कमी लागतात. आडोशामागून तो अंगाचा कमीत कमी भाग बाहेर काढतो आणि लागली की लगेच हात वर करून बाहेर पडतो. नवखा गोंधळून उघड्यावर उभा राहतो आणि एकीऐवजी चार गोळ्या खातो.

दुसरं कारण अंतराचं. एवढीशी हलकी गोळी हवेच्या विरोधानं झपाट्यानं मंदावते. ३० मीटर जाईपर्यंत तिचा वेग जवळपास निम्म्यावर येतो, आणि वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाईवर. नेहमीचे खेळाडू दुरून खेळतात. नवखे एकमेकांवर अचानक, चार पावलांवरून आदळतात.

तिसरं कारण आपल्याला धुळवडीमुळे ठाऊक आहे. पाण्याचा फुगा अंगावर फुटला तर भिजायला होतं. न फुटता आपटून उडाला तर कळ येते. फुटणाऱ्या गोळीची बरीचशी ऊर्जा रंग उडवण्यात खर्च होते. न फुटता उलट उडणारी गोळी मात्र शरीराला जास्त धक्का देते. त्यातून नेहमीचा खेळाडू अंगावर दोन सैलसर थर घालून येतो, मानेला कापड गुंडाळतो, हातमोजे घालतो. नवखा पातळ, घट्ट टी-शर्ट घालून येतो. आणि बंदुकीचा वेग मोजून पाहिला आहे का, हे विचारायचं असतं, याची त्याला कल्पनाही नसते.

या सगळ्यांत कातडी निबर होण्याचा भाग कुठेच नाही. एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. हीच १२ ज्यूलची गोळी डोळ्याला लागली तर दृष्टी जाऊ शकते. मैदानात असेपर्यंत तोंडावरचा मुखवटा क्षणभरही वर करायचा नाही, मग घाम येवो की धुकं धरो. अनुभवी खेळाडूलाही या बाबतीत सूट नाही.

मैदान आणि गाळीव निष्कर्ष

आता मैदानाचं. कबड्डीच्या नियमांतच मैदान सपाट आणि मऊ असावं, माती, खत आणि लाकडाचा भुसा घालून केलेलं असावं, नाहीतर मॅट असावी, असं म्हटलेलं आहे. कुस्तीच्या हौद्यातली माती चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून, वारंवार उकरून मऊ ठेवतात. ही ऊर्जा जिरवण्याचीच सोय आहे. आपल्या वर्ध्याची काळी माती पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात दगडासारखी. ती तशीच ठेवून वर फक्कीनं रेषा आखल्या म्हणजे मैदान होत नाही. रोज खेळणारा संघ आपलं मैदान खणतो, चाळतो, पाणी मारतो. हौशी सामना मात्र ध्वजवंदनाच्या टणक पटांगणावर होतो. मग ‘त्यांना लागत नाही, आम्हालाच लागतं’ ही तक्रार निम्मी मैदानाविरुद्ध असते. मॅटवर मुका मार कमी लागतो. पण घासून कातडी सोलवटते, हेही सांगायला हवं.

शेवटचं कारण थोडं आडवळणाचं आहे. जे अनुभवी खेळाडू आपण पाहतो, ते गाळून उरलेले असतात. ज्यांना पटकन आणि फार लागायचं, ती मंडळी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच खेळ सोडून गेली. ती आपल्याला मैदानावर दिसत नाहीत. माणसामाणसांत डाग पडण्याच्या प्रवृत्तीत फरक असतोच. वयाबरोबर त्वचा आणि रक्तवाहिन्यांना आधार देणारे तंतू विरळ होतात, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या हातावर नुसत्या धक्क्यानं डाग पडतो. साधारणपणे बायकांना पुरुषांपेक्षा लवकर डाग पडतात. रक्त पातळ करणारी औषधं किंवा अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यालाही पडतात. म्हणून उरलेल्यांकडे बोट दाखवून ‘बघ, मार खाऊन तयार झाला’ असं म्हणणं बरोबर नाही. खेळ सोडून गेलेल्यांचा हिशेब त्यात धरलेलाच नसतो.

मार लागल्यावर काय करावं?

आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया असते तेल गरम करून चोळण्याची. ताज्या माराला हे घातक आहे. वाहिन्या फुटलेल्या असतात. चोळण्यानं आणि शेकण्यानं रक्त आणखी झिरपतं. मांडीच्या खोल माराला जोरात मालिश केली, तर काही जणांत त्या स्नायूच्या आत चक्क हाड तयार होतं आणि गुडघा महिनोन् महिने नीट वाकत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही. खेळ थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी एका वेळी पंधरा-वीस मिनिटं ठेवावी. बर्फ थेट कातडीवर लावू नये. तो भाग उशीवर उंच ठेवावा. मांडीच्या पुढच्या भागाला जोराचा मार असेल, तर पहिला दिवस गुडघा शक्य तितका वाकवून ठेवणं हिताचं. आंबेहळदीचा लेप धड कातडीवर हलक्या हातानं लावला तर त्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती चोळण्याला.

आता मघाचा मुद्दा. सरावलेल्या खेळाडूला दुखणं कमी जाणवतं, म्हणून खरा धोका पुष्कळदा त्यालाच असतो. पोटाला किंवा बरगड्यांखाली मार बसल्यावर लघवी लाल होणं, पोटाच्या डाव्या बाजूला वरच्या भागात दुखत राहणं, डोक्याला लागल्यावर उलट्या, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी, सूज वाढत जाऊन पाय टणक आणि बधिर होणं, यांतलं काहीही दिसलं तर ‘चालतंय’ म्हणून पुढचा सामना खेळू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

काही डाग खेळाशी संबंधित नसतातच. काही न लागता डाग पडत असतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तापासोबत अंगावर बारीक लाल ठिपके दिसत असतील, तर तपासणी टाळू नये. पावसाळ्यात डेंग्यूचा विचार करावाच लागतो. लहान मुलाचा गुडघा किंवा कोपर किरकोळ धक्क्यानं टरारून सुजत असेल, तर हिमोफिलिया असू शकतो. आणि एक गोष्ट शिक्षकांसाठी. खेळताना-पडताना लागलेले डाग बहुधा नडगी, गुडघा, कोपर, कपाळ अशा हाडाच्या पुढे आलेल्या जागी असतात. गाल, कान, पाठ, पोट, दंडाची आतली बाजू इथले डाग पडण्यानं सहसा होत नाहीत. एखादं मूल, किंवा घरातली बाई, ‘खेळताना लागलं’, ‘दारावर आपटले’ असं सांगत असेल आणि डाग अशा जागी असतील, तर ते उत्तर ऐकून गप्प बसू नये. शांतपणे, एकट्यात, पुन्हा विचारावं.

थोडक्यात सांगायचं तर मार खाऊन कुणाचं अंग मुरत नाही. मार चुकवायला, तो मोठ्या जागेवर वाटून घ्यायला, पडायला आणि वेळीच थांबायला माणूस शिकतो. शिकण्यासारखी गोष्ट असेल, तर ती शिकवताही येते. नव्या पोरांना पहिल्या दिवशी पकडीला उभं करण्यापेक्षा पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं मऊ मातीवर पडायला शिकवावं. आधी बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं. मैदान सामन्याच्या आदल्या दिवशी खणून, पाणी मारून ठेवावं. हौशी सामना ठेवायचा असेल, तर चाळिशीच्या मंडळींना आधी अंग गरम करायला लावावं आणि त्यांना त्याच मऊ मैदानावर खेळू द्यावं. याला ना साहित्य लागतं, ना निधी. आणि ज्या मुलीचा खेळ चार डागांपायी बंद होणार होता, तिच्या घरच्यांना हे एवढं समजावून सांगितलं, तर ती कदाचित पुढच्या वर्षीही मैदानावर दिसेल.